ईगल्सची १९७६ची एलपी डिजिटल करताना : पहिली बाजू पूर्ण

ईगल्स या अमेरिकी रॉक बँडच्या ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’ची असायलम कंपनीची अमेरिकी एलपी (क्रमांक ७ई-१०५२) संगणकावर उतरवण्याचं काम निम्मं झालं. फेब्रुवारी १९७६मध्ये आलेला हा संग्रह अमेरिकेत प्लॅटिनम (दहा लाख प्रतींचं) प्रमाणपत्र मिळवणारा पहिला अल्बम. त्यामुळे प्रती मुबलक, पण खूप वाजलेल्या.

या तबकडीची परीक्षा शेवटच्या गाण्यात होते. पहिली बाजू २१:४६ मिनिटांची आणि तिच्या अगदी आत ‘डेस्पराडो’, म्हणजे संथ पियानो. बाहेरच्या कडेला ग्रूव्ह (तबकडीवरची खाच) सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी वेगाने जातो, आत जेमतेम २१. तिथे गाण्यातला ‘स’चा उच्चार फाटतो आणि तबकडीचं भोक बरोबर मध्यावर नसेल तर सूर डुलतो. ०.५ मिमी फरक असला तर ६५ मिमी त्रिज्येवर सूर दोन्हीकडे पाऊण टक्का, म्हणजे सुमारे १३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो, दर १.८ सेकंदांनी एक हेलकावा. गिटारच्या गर्दीत हे लपतं. पियानोच्या लांब स्वरात लपत नाही.

ओळखायचं सोपं आहे : कार्ट्रिजकडे (सुई धरणाऱ्या डबीकडे) समोरून बघा. डावी-उजवीकडची एकूण हालचाल १ मिमी असेल तर भोक ०.५ मिमीने सरकलेलं आहे. आर्म (कार्ट्रिजचा दांडा) सर्वांत बाहेर झुकतो तेव्हा सुईच्या रेषेत लेबलवर पेन्सिलची खूण करा. मग आर्म उचला, प्लॅटर (फिरती थाळी) थांबवा आणि खुणेची बाजू स्पिंडलकडे (मधल्या खुंटीकडे) ढकला. भोकातली सैल जागा पुरली नाही तर बारीक गोल कानशीने भोक वाढवावं लागतं. कुठलंही सॉफ्टवेअर लावण्याआधी हेच करावं, नंतरची दुरुस्ती कधीच इतकी स्वच्छ होत नाही.

धुण्यासाठी १ लिटर डिस्टिल्ड वॉटर, ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणाऱ्या द्रव्याचे) दोन-तीन थेंब. हे मिश्रण फक्त व्हिनाइलसाठी. घरातल्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

वेग तपासताना स्ट्रोबची चकती (विजेच्या दिव्याखाली जिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) ५० हर्ट्झची घ्या : एलपीच्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांना १८० रेघा. अमेरिकी चकतीवर ६० हर्ट्झसाठी २१६ असतात, त्या आपल्या विजेवर खोटं सांगतात.

कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई, सुईचा तबकडीवरचा भार २ ग्रॅम. रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज -६ डीबीच्या आसपास. पूर्ण बाजू एका दमात घ्या आणि आवाजाची पातळीही पूर्ण बाजूची एकदमच वाढवा. गाणं-गाणं सुटं वाढवलं तर ‘डेस्पराडो’ ‘ऑलरेडी गॉन’इतकंच मोठं होतं आणि दोन्हींमधला उतार मरतो.

सगळ्यांत जास्त वेळ टकटक काढण्यात जातो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममधलं क्लिक रिमूव्हल मूळ सेटिंगवर (थ्रेशोल्ड २००, रुंदी २०) पूर्ण बाजूवर चालवू नका. ‘टेक इट ईझी’त बर्नी लेडनचा बँजो आहे. त्याच्या प्रत्येक तारेचा आघात इतका टोकदार की प्रोग्राम त्यालाच ओरखडा समजतो आणि बँजो बोथट होतो. त्या गाण्यात हाताने ‘रिपेअर’च वापरावं. ते एका वेळी १२८ सॅम्पलच (आवाजाची सुटी मोजमापं) घेतं, म्हणजे ९६ किलोहर्ट्झला १.३ मिलिसेकंद, त्याहून रुंद ओरखडा असेल तर ऑडॅसिटीची पेन्सिल घेऊन लाट हाताने ओढावी. गाण्यांमधल्या शांत जागेत मात्र स्वयंचलित पद्धत बिनधास्त चालते.

तुकडे पाडताना लक्षात असू द्या : ‘लाइन आइज’ इथे पूर्ण ६:२१चं आहे, सिंगलची छोटी आवृत्ती नाही.

दुसरी बाजू बाकी आहे. तिच्या आत ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’, म्हणजे अकूस्टिक गिटार आणि मऊ आवाजातले ‘स’. म्हणून आधी कार्ट्रिजचा कोन तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीच्या दोन्ही बिंदूंवर पुन्हा जुळवायचा, मगच सुई ठेवायची.