जिन्याखालची अल्तामिरा

गिरगावातल्या आमच्या चाळीचा गणपती जिन्याखाली बसतो. जागा बुटकी, छत उतरतं. एरवी ते पडद्यांनी झाकतो. यंदा म्हटलं, छतच दाखवू. स्पेनमधली, आदिमानवाच्या चित्रांची अल्तामिराची गुहा करू.

"बाप्पाला अंधाऱ्या गुहेत बसवणार?" तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं. चाळीतल्याच एका आजोबांनी परस्पर उत्तर दिलं, "मग लेण्याद्रीला कुठे बसलाय तो?" विषय मिटला. दुसरी हरकत मात्र रास्त होती. स्पेनला कशाला जायचं? आपलं मध्य प्रदेशातलं भीमबेटका आहे की, तिथेही आदिमानवाची चित्रं, आणि १९५७ साली रेल्वेतून जाताना ते खडक हेरणारे वाकणकर मराठी. मग भीमबेटका दाराजवळच्या भिंतीवर घेतलं.

छतासाठी मी अल्तामिरावरच अडून बसले. १८७९ साली सौतुओला नावाचे हौशी संशोधक त्या गुहेत जमीन उकरत हत्यारं, हाडं शोधत होते. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने, मारियाने वर पाहिलं, तर छतभर बैल! ते निघाले बायसन, म्हणजे गव्यासारखे रानटी प्राणी. तिथलं छतही मोठ्या माणसाला वाकायला लावणारं होतं.

तारेच्या जाळीवर गोणपाट ताणलं, वर कागदाचा लगदा. मूळ चित्रकारांनी खडकाचे फुगवटे पाहून त्यांवर बायसनची अंगं बेतली होती, म्हणून आम्हीही आधी उंचवटे केले. पावसाळी हवेत लगदा वाळता वाळेना. घराघरांतून टेबलफॅन आले आणि बिल कोण भरणार यावर खजिनदारांनी बैठक लावली. (अजून निकाल नाही.) रंग मूळचेच, गेरू आणि कोळसा. पण छताला लावलेला पातळ गेरू थेट कोपरापर्यंत ओघळतो. शेवटी डिंकात घट्ट कालवून कापडाच्या बोळ्याने थापला. बल्ब खाली, तिरके ठेवले तेव्हा कुठे फुगवटे उठून दिसले.

फलकावर काय लिहायचं यावरून पोरं भांडली. तज्ज्ञांनी चित्रं बनावट ठरवली, सौतुओला १८८८ साली वारले आणि विरोधकांतल्या कार्तायाक या फ्रेंच तज्ज्ञांनी चूक छापून कबूल केली ती १९०२ साली. हे सगळं मोठ्या अक्षरांत हवं, असा मुलांचा हट्ट. मारियाला जागाच उरेना, मग तिच्यासाठी वेगळा फलक केला.

दर्शनाला येणारी मोठी माणसं डोकं आपटेल म्हणून खाली बघतच आत शिरत. फलकाजवळ उभी राहणारी पोरं त्यांना ओरडून सांगत, "काका, वर बघा!"

विसर्जनानंतर तार गुंडाळून माळ्यावर टाकली. पुढच्या वर्षी छतावर भीमबेटकाच हवं, असं काकूंनी आताच बजावलंय.