फिनिश नोंदवही, महिना सातवा: तोंडात नवसागर

या महिन्यात नवे शब्द जेमतेम चाळीस. सगळा वेळ एकाच प्रश्नात गेला: ‘मिल्तॅ तॅमॅ माइस्तू?’ म्हणजे, हे कसं लागतंय? (दोन टिंबवाल्या आ साठी मी ‘ॲ’ लिहितोय आणि तो लांबवायचा असला की पुढे अवग्रह. कुणाकडे याहून बरी युक्ती असेल तर सांगा.)

खरं तर आपल्याला हा धडा सोपा जायला हवा. दिसणं, लागणं, वाटणं ही क्रियापदं मराठीत तयार आहेत. साखर गोड लागते, लोकर मऊ लागते, गोष्ट खोटी वाटते. फिनिशमध्येही तसंच: दिसायला ‘नॅय्त्तॅऽ’, चवीला ‘माइस्तू’, स्पर्शाला आणि मनाला मिळून एकच ‘तुन्तू’. फक्त ‘ऐकायला छान वाटतं’ म्हणताना आपण वाटण्याची मदत घेतो. त्यांच्याकडे त्यालाही वेगळं क्रियापद आहे, ‘कूलोस्ताऽ’.

घोळ होतो तो प्रत्ययाचा. वस्तू तशीच राहते आणि गुणाला ‘-ल्ता’ चिकटतो. टेबलावरून काही उचललं की जो ‘वरून’ लागतो, तोच हा. ‘काह्वि माइस्तू ह्युवॅल्तॅ’: कॉफी जणू ‘चांगल्यावरून’ लागते. मी तीन आठवडे हा प्रत्यय कॉफीलाच लावत होतो. ‘माइस्तू काह्विल्ता’ हेही शुद्ध फिनिशच आहे, पण त्याचा अर्थ ‘कॉफीची चव लागते’. तेव्हा समोर चहा असला तर भांडी नीट घासली का, असा प्रश्न येणार.

मताचा प्रत्यय वेगळा. ‘मिनुस्ता’ म्हणजे शब्दशः ‘माझ्यातून’. घरातून बाहेर पडताना जो ‘-स्ता’, तोच. आपल्याकडे मत ‘मला’ वाटतं, कुठूनतरी माझ्याकडे येतं. त्यांच्याकडे ते माझ्या आतून बाहेर पडतं. आवडीचंही तेच: ‘त्युक्कॅऽन काह्विस्ता’, कॉफीतून आवडतं. आता ‘मिनुस्ता तॅमॅ माइस्तू ह्युवॅल्तॅ’ हे वाक्य बघा. मत आतून निघालं, चव वरून आली. हे कळलं त्या रात्री मी वहीत घर काढून दोन बाण काढले, एक दारातून बाहेर जाणारा, एक छपरावरून उतरणारा. तेव्हापासून चुका निम्म्यावर आल्यात. तक्ते पाठ करून हे झालं नव्हतं.

विशेषणाच्या रूपाची भानगड वेगळीच. कॉफी ‘ह्युवॅऽ’, पण कप ‘ह्युवॅ’. जे ओतायचं, ढवळायचं, मोजून घेता येत नाही, त्याला लांब शेपूट. यावर पुढच्या महिन्यात लिहीन, अजून माझंच पक्कं नाही.

वासाची फजिती मात्र सांगायलाच हवी. दर रविवारी फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातल्या एका निवृत्त बाईंशी माझं व्हिडिओवर बोलणं होतं. (सत्तरीच्या बाईंना ‘सिनॅ’, म्हणजे चक्क ‘तू’ म्हणायचं. तिकडे हीच रीत आहे, पण अजून जीभ अडखळते.) मागे हिंगाची फोडणी पडली आणि मी कौतुकाने म्हणालो, ‘तॅऽल्लॅ हाइसेऽ!’ बाईंनी काळजीने विचारलं, मोरी तुंबलीय का? ‘हाइसेऽ’ नुसतं म्हटलं तर तो दुर्गंध. चांगल्या वासाला ‘तुओक्सू’. आणि यात मी चुकायला नको होतं, कारण ‘दुधाला वास येतोय’ म्हटल्यावर आपणही ते दूध चहात घालत नाही. पुढच्या रविवारी शिरा केला आणि ‘तुओक्सू कार्देमुम्माल्ता’ म्हणून उट्टं काढलं. वेलची त्यांना परकी नाही, त्यांच्या ‘पुल्ला’ नावाच्या गोड पावात ती असतेच.

मग बाईंचं पार्सल आलं. आत सल्मियाक्कीचं पाकीट, काळ्या खारट गोळ्या. ज्येष्ठमधाचा अर्क आणि अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. गोळी तोंडात टाकली आणि थेट लहानपणीच्या वाड्याच्या अंगणात पोचलो. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि नाकात जे झोंबायचं, ते आता जिभेवर होतं.

बाई कॅमेऱ्यासमोर वाट बघत होत्या. ‘मिल्तॅ माइस्तू?’

पहिलं वाक्य सुचलं ते निरुपयोगी: ‘माइस्तू सल्मियाकिल्ता.’ सल्मियाक्की सल्मियाक्कीसारखी लागते. व्याकरण मात्र चोख, प्रत्यय लागताच ‘क्क’चा ‘क’ झाला, तो मी सोडला नाही. कल्हईला फिनिश शब्द माहीत नव्हता. शेवटी जुळवलं: ‘मिनुस्ता तॅमॅ माइस्तू वान्हाल्ता कात्तिलाल्ता.’ मला वाटतं, हे जुन्या पातेल्यासारखं लागतं. ‘जुनं’ आणि ‘पातेलं’ दोघांनाही प्रत्यय, आणि दोन्ही बरोबर!

बाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, ‘एइ हास्सुम्पि.’ म्हणजे, वाईट नाही.

हे वाक्याबद्दल होतं की पातेल्याच्या चवीबद्दल, ते विचारायचं राहिलं. पाकीट फ्रीजवर ठेवलंय, अजून अर्ध्याहून जास्त भरलेलं आहे.