साइड देऊनही पुढं न गेलेली गाडी

दुधाच्या टँकरवर असल्यामुळं मागनं चिकटणारी गाडी मला रोजचीच. डिपर मारणार, हॉर्नवर हात ठेवणार, जागा मिळाली की काच खाली करून दोन शब्द ऐकवणार आणि जाणार, विषय संपला. पण गेल्या जूनमध्ये कसाऱ्याला जो भेटला तो अजून डोक्यातनं जात नाही, कारण मी त्याला साइड देत होतो आणि तो घेतच नव्हता.

संगमनेर, सिन्नर, घोटी, इगतपुरी आणि मग कसारा घाट उतरून मुंबई, असा आमचा रूट. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, आठ किलोमीटरचा बोगदा आहे, घाट लागतच नाही. पण मालकाला टोलची पावती दिसते, घाटात झिजणारे ब्रेकचे लायनर दिसत नाहीत. त्यामुळं आम्ही आपले घाटातनंच.

लोकांना वाटतं टँकर गच्च भरला की धोका जास्त. दुधाचं उलट आहे, गच्च भरलेला टँकर गुणी, अर्धा भरलेला वाईट. जूनला गोठ्यांत दूध कमी असतं, त्या रात्री पुढचा कप्पा गाईच्या दुधानं भरलेला आणि मागच्या कप्प्यात म्हशीचं निम्म्यापर्यंतच. डिझेलच्या टँकरला आत भोकाचे आडवे पत्रे असतात, ते लाट मोडतात. आमचा आतनं गुळगुळीत, कारण रोज धुवायचा असतो आणि कोपऱ्यात दूध राहिलं की पुढचा लॉट नासतो. मग ब्रेक मारला की दूध पुढं येऊन पत्र्यावर आदळतं आणि थांबत आलेली गाडी, पाठीत कोपर बसावं तशी, परत पुढं ढकलली जाते, ओल्या रस्त्यावर तर जास्तच. म्हणून पेडल आधी हलकं दाबायचं, लाट येऊन जाऊ द्यायची, मग पूर्ण दाबायचं. हे करायला पुढं रस्ता मोकळा लागतो, आणि आपल्याकडं मोकळा रस्ता ठेवला की त्यात कुणीतरी घुसतंच. क्लिनर पोरगं म्हणतं, "अण्णा, गॅप कशाला ठेवता, लोकांना बोलावणं धाडल्यासारखं होतंय." घुसू दे म्हणतो मी, परत थोडा मागं सरकतो. मागचा चिकटलेला असला की पुढची गॅप अजून वाढवतो, कारण मग मला माझ्यापुरतं नाही, त्याच्यासाठी पण हळू थांबायचं असतं.

तर घोटीचा टोल सोडला आणि पाऊस, धुकं दोन्ही एकदम. इगतपुरीचं धुकं ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको, वायपर फिरवून काही उपयोग नाही. तिथंच ही गाडी मागं लागली. गाडी आरशात दिसतच नव्हती, फक्त टँकरच्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर पांढरा उजेड पसरलेला. आरशात दिसते ती गाडी तेवढी धोक्याची नाही, उजेड दिसतो पण गाडी दिसत नाही ती खरी चिकटलेली. वरनं फुल अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत, अधनंमधनं हॉर्न. मी डावा इंडिकेटर देऊन कडेला घेतलं, स्पीड उतरवला, पोरानं हात काढून जा जा केलं. नाही गेला. उजवी लेन रिकामी होती तरी नाही. घाटनदेवीच्या अलीकडं परत तेच, मी हळू झालो तर तोही हळू. पोरगं म्हणालं, "अण्णा, चोर तर नसतील?" खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं.

अशा वेळी आमच्यातले काही शहाणे सांगतात, दाब एकदा ब्रेक, कळेल त्याला. टँकरच्या मागं व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या मागं लोखंडी गार्ड, ठोकर बसली तर त्याच्या बॉनेटचं काय होईल ते त्याच्या घरच्यांना विचारा. १९८९ च्या रस्ता नियमांत दोन्ही शेजारी शेजारी होतं, पुढचा अचानक थांबला तरी आपल्याला थांबता येईल एवढं अंतर ठेवा, आणि सुरक्षेचं कारण नसताना एकदम ब्रेक मारू नका. आमचे शहाणे पहिलं मागच्याला ऐकवतात, दुसरं त्यांना माहीतच नसतं.

घाटात गिअर खाली आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा, चालू. आता आमच्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेकला मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणजे गाडी हळू होतेय हे मागच्याला कळायला काही मार्गच नाही. म्हणून मागं कुणी असलं की मी पेडलला नुसता पाय टेकवतो, दिवे लागतील पण लायनर तापणार नाहीत एवढाच. त्या रात्री अख्खा घाट तसाच टेकवत उतरलो. तीसच्या स्पीडला गाडी सेकंदाला आठ मीटर जाते आणि हा माणूस तर आठ मीटरच्या आत होता, म्हणजे ब्रेक मारायला त्याच्या हातात एक सेकंदही नव्हता.

निम्म्यात एका वळणाला पुढं सगळे हॅझर्ड लागलेले, कांद्याचा टेम्पो बंद पडलेला. मी दोन टप्प्यांत ब्रेक घेतला, लाट आली, गेली, गाडी थांबली. मागं टायर घासल्याचा आवाज आला, धडक नाही बसली. पोरगं दगड घेऊन चाक अडवायला उतरलं आणि बघतंय तर गार्ड आणि बॉनेटमध्ये वीतभर जागा. ते भांडायलाच गेलं, मागनं मी.

आत एक तरुण, शेजारी बायको, मागं दोन लहान पोरं झोपलेली. स्टिअरिंगवरचे हात थरथरत होते त्याचे. म्हणाला, "काका, सॉरी, मला काही दिसतच नाहीये. तुमचे लाल दिवे धरून आलोय मी इथवर." मी विचारलं मग हॉर्न कशाला वाजवत होता? तर म्हणे, "तुम्ही सारखे बाजूला जात होता, मला वाटलं तुम्ही थांबताय, मला सोडून."

आता काय बोलणार? त्याला आधी अप्पर बंद करायला लावलं, धुक्यात अप्पर टाकला की समोर पांढरी भिंतच उभी राहते हे कुणी शिकवलंच नव्हतं. लायसन कसं मिळतं ते आपल्याला माहीत आहे. फॉगलॅम्पचं बटण होतं, त्यानं आजवर कधी दाबलं नव्हतं. म्हणलं माझ्या मागंच या, पण दिवे जेमतेम दिसतील एवढ्या लांबनं, मी तुम्हाला सोडून जात नाही. टेम्पो बाजूला झाल्यावर तो खरंच तसा आला, एकदम व्यवस्थित.

तेव्हापासनं मागं उजेड पसरला की मला प्रश्न पडतो, हा घाईतला की घाबरलेला? दोघं आरशात सारखेच दिसतात. घाईतल्याला साइड द्यावी लागते, घाबरलेल्याला साइड दिली की तो अजून जवळ येतो. पोरगं म्हणतं, दोनदा साइड देऊन गेला नाही तर घाबरलेला समजायचं. बघू.

लतीफवाडीला धुकं सुटलं. त्यानं हात दाखवून मला ओव्हरटेक केलं, बायकोनं पण हात हलवला. आणि खर्डीच्या अलीकडं बघतो तर, कोरडा रस्ता, स्वच्छ उजेड, हाच गडी एका कंटेनरच्या मागं बंपरला बंपर लावून डिपर मारतोय.