नॅनी दोन घरांची, जबाबदारी कोणाची?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. दोन कुटुंबांनी मिळून एक नॅनी ठेवली, दोघांची मुले एकाच घरी सांभाळली जातात आणि पगार निम्मा-निम्मा दिला जातो; अशा वेळी काही विपरीत घडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न करारांचे मसुदे तयार करताना मला वरचेवर विचारला जातो. ज्याच्या घरी घडले तोच जबाबदार, असे विचारणाऱ्याने बहुधा आधीच गृहीत धरलेले असते.

पगार वाटून घेता येतो, मालकपण तसे वाटता येत नाही. कामाच्या वेळा कोण ठरवते, मुलांना केव्हा काय भरवायचे हे कोण सांगते आणि कामावरून कमी करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, अशा गोष्टींवरून मालक कोण हे ठरते. नॅनीच्या बाबतीत याचे उत्तर बहुधा ‘दोन्ही कुटुंबे’ असेच निघते. कागदावर तिला ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हटले की कर आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी टळते, या समजुतीवर विसंबू नये, कारण वाद झाल्यास प्रत्यक्ष व्यवहार पाहिला जातो.

खरी गुंतागुंत विम्यात आहे. घराच्या विम्यात त्रयस्थाला झालेल्या इजेची भरपाई असली, तरी घरात पगारावर काम करणाऱ्या व्यक्तीची इजा त्यातून अनेकदा वगळलेली असते. जिन्यावरून घसरलेला पाहुणा आणि त्याच जिन्यावरून घसरलेली नॅनी यांना पॉलिसी एकाच मापाने मोजत नाही. नॅनीसाठी अनेक ठिकाणी कामगार भरपाईचा स्वतंत्र विमा लागतो. दुसऱ्याचे मूल रोज आपल्या घरी मोबदल्यावर सांभाळले जाणे हा व्यवसाय आहे, असेही विमा कंपनी म्हणू शकते. म्हणून यजमान कुटुंबाने विमा कंपनीला ही व्यवस्था आधीच लेखी कळवून उत्तरही लेखीच घ्यावे. दुसऱ्या कुटुंबाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सहसा कोणाला सुचत नाही: आपल्या पत्त्याबाहेर, दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्याबद्दलचे दायित्व आपली पॉलिसी उचलते का? नॅनी स्वतःच्या गाडीतून मुलांना नेणार असेल, तर खासगी वापराच्या पॉलिसीत कामासाठीचा वापर बसतो का, हेही तपासावे.

करार दोन असावेत: एक नॅनीशी, दुसरा कुटुंबांचा आपसात. पहिल्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांविषयीचा 2011 चा करार क्रमांक 189 हा चांगला नमुना आहे, तुमच्या देशाने तो स्वीकारलेला असो वा नसो. कामाच्या जागेचा किंवा जागांचा पत्ता, वेतन, वेळा, रजा आणि नोटिशीच्या अटी कामगाराला समजतील अशा, शक्यतो लेखी द्याव्यात, असे तो सांगतो. आठवड्यातून किमान 24 तासांची सलग विश्रांतीही त्यात आहे. दुसऱ्या करारात मुख्यतः पैशांचे कलम हवे. एक कुटुंब सुट्टीवर गेले किंवा व्यवस्थेतून बाहेर पडले, तर नॅनीच्या पगाराचा कोणता भाग कोण आणि किती दिवस देणार, हे संबंध गोड असतानाच लिहून ठेवावे.

तातडीच्या वैद्यकीय उपचारांचे संमतिपत्र मात्र प्रत्येक मुलाचे वेगळे करावे आणि त्यावर त्या मुलाच्या पालकांनीच सही करावी. मुले आपल्या घरी असतात म्हणून यजमान पालकांना दुसऱ्याच्या मुलासाठी संमती देण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही.