तळव्यांचं हवामान

डिसेंबर उजाडला की आमचा निफाड तालुका बातम्यांत येतो. एरवी कांद्याच्या भावासाठी, आता थंडीसाठी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा आज सहावर, आज पाचवर, असा आकडा सकाळी सकाळी फोनवर फिरतो आणि नाशकात पांघरुणात बसलेले माझे मित्र तो मला पाठवून विचारतात, 'आज तरी बूट घातलेस का?'

नाही घातले. शनिवार-रविवारी गावी असलो की पहाटे कालव्याच्या कडेनं मुरमाच्या रस्त्यावर पाचेक किलोमीटर अनवाणी पळतो. डोक्याला कानटोपी, अंगात स्वेटर आणि पायात काही नाही, असं ते ध्यान.

आपल्याकडे अनवाणी माणसाला कारण द्यावं लागतं. दूध घालायला निघालेला मोटरसायकल हळू करून विचारतो, "नवस बोललाय का?" दुसऱ्याला वाटतं देवळातून चपला गेल्या. एकदा ऊसतोडीची बैलगाडी समोरून आली. गाडीवरच्या मावशींनी विचारलं, "चप्पल तुटली का रं बाबा?" त्यांच्या आवाजात इतकी खरी काळजी होती की 'हौस म्हणून पळतोय' हे सांगायची लाज वाटली. "हो मावशी, तुटली," म्हणालो. त्यांच्यामागे गोधडीत गुंडाळलेलं पोर झोपलं होतं. त्याचे पाय तेवढे गोधडीबाहेर होते.

याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावली, कारण बूट नव्हते. पुढे २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. आणि मी कपाटातले चांगले साडेसात हजारांचे बूट घरी ठेवून पळतो. कौतुक कुणाचं करायचं ते उघड आहे.

तरीही पळतो, कारण पावलांना जे कळतं ते बातमीतल्या पाऱ्याला कळत नाही. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. म्हणजे माणसाच्या छातीच्या आसपास. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते, त्यामुळे गवताच्या पात्यावर पेटीतल्या आकड्यापेक्षा दोन-चार अंश कमीच असतात. तळव्यांचं हवामान कुणी जाहीर करत नाही.

आणि तेही दर शंभर पावलांवर बदलतं. कोरडा मुरूम टोचतो, पण गार कमी लागतो. नांगरलेल्या रानाच्या बांधावरची भुसभुशीत माती तर जवळजवळ मायाळू. दव पडलेलं गवत दिसायला मऊ, पाय ठेवला की सुया. सगळ्यांत वाईट कालव्यावरचा जुना दगडी पूल. माती आणि दगड दोघंही रात्रभर सारखेच गारठलेले असतात, पण दगड पायातली ऊब मातीच्या कितीतरी पट वेगानं ओढून घेतो. तो पूल जेमतेम वीस-पंचवीस पावलांचा आहे आणि मी तो कधीही सरळ चालीनं ओलांडलेला नाही.

पहिली सात-आठ मिनिटं केवळ पश्चात्तापाची. मग बोटं बधिर होतात. आणि मग, बहुधा पुलाच्या पलीकडे, अचानक पावलांत आग पेटल्यासारखी ऊब येते. मला हे आपलं तप फळाला आलं असं वाटायचं. प्रत्यक्षात थॉमस लुइस या ब्रिटिश डॉक्टरनं १९३० सालीच हे नोंदवून ठेवलंय. बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आधी आकसतात, काही मिनिटांनी उघडतात, पुन्हा आकसतात. शरीर दार किलकिलं करून बघतं, माणूस अजून बाहेरच आहे का. विम हॉफ नावाच्या डच गृहस्थानं २००७ साली फिनलंडच्या बर्फावरून अनवाणी अर्धमॅरेथॉन काढली, २ तास १६ मिनिटांत. मी ती चित्रफीत आईला दाखवली. "त्याला आई नसेल," ती म्हणाली.

ऊब येण्याआधीची ती बधिर मिनिटं मात्र लबाड असतात. गेल्या पौषात घरी पोचलो आणि आई ओरडली. शहाबादी फरशीवर उजव्या पावलाचे लाल ठसे होते. बाभळीचा काटा कधी गेला, कुठे गेला, मला पत्ताच नव्हता.

दादा, म्हणजे वडील, तेव्हा बागेतून नुकतेच आले होते. थंडीनं द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे तीनपासून ओळींत शेकोट्या पेटवायच्या, वर ओला पालापाचोळा टाकून धूर धरायचा, हे त्यांचं पौषातलं वेळापत्रक. अंगाला धुराचा वास आणि पायात एमसीआर चप्पल, मधुमेहींसाठीची मऊ रबरी तळव्याची. मधुमेहाला पंधरा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक दोरा त्यांच्या तळव्याला टेकवून विचारलं, "लागतंय?" दादा छताकडे बघत म्हणाले, "टेकवा की." तोवर तीनदा टेकवून झाला होता. तेव्हापासून ती चप्पल घरातही काढायची नाही. देवघरापाशीसुद्धा नाही, हे आईला अजून पचलेलं नाही. मॅट्रिकपर्यंत ज्यांच्या पायात चप्पल आली नाही, ते दादा आता गादीवरून उतरताना आधी पायांनी चप्पल चाचपतात, ती सापडत नाही आणि मग वाकून डोळ्यांनी शोधतात.

त्यांनी माझं पाऊल मांडीवर घेतलं. आई म्हणत होती रुईचा चीक लावू, आपोआप वर येईल. दादांनी सुई दिव्यावर धरली, बॅटरी माझ्या हातात दिली आणि काटा शोधायला लागले. टाचेच्या भेगा बघून "कोकमतेल लाव" एवढंच पुटपुटले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सुई न थांबवता म्हणाले, "आज जमीन गार होती का रे?"

"होती. पुलावर तर फारच."

"पुलावर असतीच," दादा म्हणाले. "आम्ही शाळेत जाताना तेवढ्यात पळायचो."