टोपलीखालची पिल्लं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या हंगामात घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून पिल्लं सोडायच्या वेळा ठरलेल्या: सकाळी सात, संध्याकाळी सहा. पर्यटकांना हेच वेळापत्रक सांगितलेलं असतं. पिल्लं मात्र बहुतेक रात्रीच वर येतात. वरची वाळू गार झाली की त्यांना हालचालीचा इशारा मिळतो.

मार्चमधल्या त्या संध्याकाळी एका घरट्यावरची वाळू खचून खळगा पडला होता. म्हणजे खाली कवचं फुटलेली, पिल्लं एकत्र वर सरकणारी. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं घरटं साधारण दीड फूट खोल, अरुंद तोंडाचं, तळाशी सुरईसारखं फुगीर. हॅचरीतला, म्हणजे अंडी आणून पुरतो त्या राखलेल्या जागेतला, खड्डाही तसाच खणावा लागतो. अंडी हलवायची ती घातल्यावर काही तासांतच, न फिरवता. उशीर झाला की गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटलेला असतो आणि अंडं उलटलं तर मरतो. इतकं जपून पन्नास-पंचावन्न दिवस काढायचे, आणि शेवटच्या रात्री पिल्लं टोपलीखाली गोल गोल फिरत ठेवायची! पोटातल्या बलकाची ती ताकद समुद्रात पोहायला असते.

सहकारी म्हणाला, "सकाळी पुण्याची बस येतेय, राहू दे." त्याचं चूक नव्हतं. गावातल्या घरगुती मुक्कामांवर पैसा येतो, म्हणून गाव अंडी राखतं. तरी रात्री लाल बॅटरीने पाहिलं तर टोपली भरलेली. तेव्हाच सोडली. पाण्यात नाही, ओल्या वाळूच्या अलीकडे. ती चाल त्यांना हवीच. कुत्र्यांसाठी दोघं काठ्या घेऊन उभे राहिलो.

सकाळी मागाहून आलेली अकरा पिल्लं निघाली. बसवाल्यांचा आयोजक "एवढीच?" म्हणून भांडला. दोरीच्या आत पाय टाकू नका, म्हणून किती ओरडावं? पावलाचा ठसा पिल्लासाठी खड्डाच, त्यात ते उताणं पडतं. वर घारी होत्याच.

रात्री दोनची फेरी वाढवावी, हे आमचं म्हणणं अजून तसंच आहे. पण अंड्यांसाठी रात्रभर किनारा तुडवून आलेल्यालाच पुन्हा हॅचरीवर उभं करायचं, तर आणखी एक माणूस लागतो, आणि त्याची मजुरी कुणाच्याच हिशेबात नाही.