मांजराच्या आतड्याची सूज: आधी ताटली बदला

आठवड्यातून दोनदा उलटी होतेय, वजन उतरतंय, तर ‘केस गिळले असतील’ म्हणून सोडून देऊ नका. रक्त, शी, सोनोग्राफी झाली की आहाराची चाचणी घ्या: हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं (म्हणजे बारीक तुकडे केलेल्या, सहसा न बाधणाऱ्या प्रथिनांचं) खाणं किंवा मांजराने कधीच न चाखलेलं मांस, दोन ते चार आठवडे. जुनं पाऊण, नवं पाव असं मिसळायला सुरुवात करून आठवडाभरात बदल करा.

मुंबईत ही चाचणी हमखास फसते ती बोंबलाच्या डोक्यापायी. कोळीण दारात पाटी उतरवते, मांजर पायांत घुटमळतं, शेजारच्या काकू मायेने एक तुकडा टाकतात आणि उलट्या पुन्हा सुरू. कुठलं खाणं बाधलं हेच मग कळत नाही. काकूंना आधीच सांगा, आर्जवाने.

बी१२ जीवनसत्त्व तपासाच. ते कमी असेल तर औषधाचा गुण येत नाही. सहसा आठवड्याला २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, सहा आठवडे.

बायोप्सी (आतड्याचा तुकडा काढून तपासणी) करायची असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड त्याआधी नको, आतड्याचा लिम्फोमा (एक कर्करोग) झाकला जातो. एकदा सुरू केलं की डॉक्टरांना विचारूनच हळूहळू उतरवा.

आणि चोवीस तास तोंडात घास नाही? थेट दवाखाना गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते.